छडी गेली, शिस्तीचे काय?

माध्यमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत थोडा वेळ बसले, तर एक वाक्य हमखास कानी पडते : कायद्याने आमचे हात बांधले आणि मुलांचे मोकळे सोडले. त्याच शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पालकांत दुसरे वाक्य ऐकू येते : एवढी फी भरायची, शिकवणीचे पैसे वेगळे मोजायचे, मग मास्तरांनी मुलाच्या अंगाला हात लावायचे कारणच काय? ही दोन्ही वाक्ये परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. शिस्त म्हणजे शिक्षा, ही ती समजूत. एकाला शिक्षा हवी आहे, दुसऱ्याला ती नको आहे. परंतु शिक्षा वगळल्यावर शिस्त म्हणून काही उरते की नाही, याचा विचार दोघेही करीत नाहीत. मुलांच्या अभ्यासाचे जे नुकसान आज होत आहे, त्याचा मोठा भाग या अविचारात दडलेला आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. त्याआधी, १ डिसेंबर २००० रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शालेय नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्दबातल ठरविली होती. ज्या इंग्लंडकडून आपण आधुनिक शाळेचा साचा घेतला, त्या देशानेही सरकारी शाळांतून छडी १९८७ साली हद्दपार केली. तेव्हा छडी परत यावी की न यावी, हा वाद कायद्यापुरता संपला आहे. खरा प्रश्न पुढचा आहे. छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हाती काय दिले? आणि वर्गातील शिस्तीचा मुलाच्या प्रगतीशी नेमका संबंध कोणता?

मिनिटांचा हिशेब

हा संबंध गूढ नाही; तो प्रथमतः वेळेचा आहे. उपरोक्त कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. कागदावरचा हा आकडा वर्गात उतरतो, तेव्हा त्याची गळती सुरू होते. पस्तीस मिनिटांच्या एका तासाची कल्पना करावी. घंटा झाल्यावर शिक्षक येईपर्यंत दोन मिनिटे, मुले जागेवर बसेपर्यंत दोन, हजेरीला किंवा वही विसरलेल्यांच्या चौकशीला एक, आणि मधल्या दोन-तीन व्यत्ययांना मिळून दोन. ही सात मिनिटे कोणाच्याही डोळ्यांवर येत नाहीत. परंतु ती तासाचा पाचवा हिस्सा आहेत. प्रत्येक तासाला हेच घडले, तर हजार तासांतील दोनशे तास गेले. दिवसाचे पाच तास धरले, तर शाळेचे चाळीस दिवस न सांगता सुट्टीत जमा झाले. कोणत्याही शिक्षणमंत्र्याने चाळीस दिवसांची जादा सुट्टी जाहीर केली, तर केवढा गदारोळ होईल! येथे ती रोज पाच-सात मिनिटांच्या हप्त्यांनी दिली जाते, म्हणून कोणी बोलत नाही.

ही गळती केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २०१८ साली शिक्षकांचे जे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात सदस्य देशांतील शिक्षकांनी सरासरीने असे सांगितले की, वर्गातील वेळेपैकी ७८ टक्के वेळच प्रत्यक्ष अध्यापन-अध्ययनाला मिळतो. उरलेला वेळ वर्ग शांत करण्यात आणि किरकोळ कारकुनी कामांत जातो. याच संघटनेच्या 'पिसा' या चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना वर्गातील गोंगाटाबद्दल, शिक्षकाला किती वेळ थांबावे लागते याबद्दल प्रश्न विचारले जातात. आणि ज्या वर्गांत कामाला लवकर सुरुवात होते, तेथील मुलांचे गणिताचे गुण सामान्यतः अधिक आढळतात. भारत या चाचणीत २००९ च्या फेरीत केवळ दोन राज्यांपुरता उतरला होता, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावता येत नाहीत. शिवाय चांगल्या स्थितीतील घरांची मुले ज्या शाळांत जातात, तेथे शांतताही अधिक असणार, हे उघड आहे. तरीही मिनिटांचे गणित बदलत नाही. जो वेळ शिकण्यात गेला नाही, त्यात कोणी शिकले नाही.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. हे चाळीस दिवस सर्व मुलांचे सारखे जात नाहीत. ज्याला संध्याकाळी खासगी शिकवणी आहे, ज्याची आई किंवा वडील वही उघडून शेजारी बसू शकतात, त्याची भरपाई घरी होते. ज्याची आई दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून रात्री परतते, ज्याच्या घरात पुस्तक धरून बसायला कोपरा नाही, त्याच्यासाठी शाळेचा तास हाच एकमेव तास असतो. वर्गातील बेशिस्त ही म्हणूनच गरिबांवर बसलेला कर आहे. शिस्तीचा आग्रह म्हणजे जुन्या वळणाच्या माणसांचा हट्ट, असे मानणाऱ्या पुरोगामी मंडळींनी ही बाजू आवर्जून लक्षात घ्यावयास हवी.

शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग

मग शांतता छडीनेच का आणू नये? ती स्वस्त आहे, तत्काळ आहे, असे अनुभवी शिक्षकही खासगीत म्हणतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के, म्हणजे दर तिघांपैकी दोघांनी, शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. मारण्याने अभ्यास होत असता, तर त्या काळी आपल्या शाळांतील निकालांनी जगाचे डोळे दिपावयास हवे होते. तसे काही झाले नाही.

याचे कारण छडीच्या वापरातच आहे. आपल्या शाळांत छडी केवळ दंगा करणाऱ्यावर पडली नाही. तेराचा पाढा चुकला, शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ बिघडले, उदाहरणाचे उत्तर जुळले नाही, तरी तीच छडी पडली. शेजाऱ्याला चिमटा काढणे आणि भागाकार न समजणे हे दोन्ही एकाच दर्जाचे अपराध ठरले. याचा परिणाम असा की, चूक ही शिकण्याची पायरी न राहता लपविण्याची वस्तू झाली. ज्याला कळले नाही, त्याने मान खाली घालून बसावे, पुढच्याच्या वहीतून उतरवून घ्यावे आणि शिक्षकाची नजर आपल्यावर पडू नये अशी प्रार्थना करावी, हे शहाणपण मुले पहिल्या दोन वर्षांतच शिकली. असा वर्ग बाहेरून फार शिस्तशीर दिसतो. टाचणी पडली तरी ऐकू येते. परंतु त्या शांततेत प्रश्नही ऐकू येत नाही, आणि प्रश्न नसलेल्या वर्गात शिक्षकाला आपले कोठे चुकते आहे, हेही कळत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आम्ही मार खाल्ला म्हणूनच घडलो, असे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात उत्साहाने सांगितले जाते. त्या भावनेतील गुरुजनांविषयीची कृतज्ञता खोटी नाही. मात्र मेळाव्याला कोण येते, याचा विचार करावा. जो डॉक्टर झाला, मुख्य लिपिक झाला, स्वतः शिक्षक झाला, तो येतो. ज्याने तिसरीत मार चुकविण्यासाठी शाळेची वाट सोडली आणि पुढे गुरे राखली किंवा हॉटेलात कपबशा विसळल्या, त्याला निमंत्रणपत्रिका जात नाही. छडीची साक्ष काढताना आपण केवळ वाचलेल्यांची साक्ष काढतो.

वर्गशिस्तीच्या अभ्यासात जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. मुलाने खोडी केल्यावर शिक्षक ज्या रीतीने दटावतो, तिचा वर्गावर काय परिणाम होतो, हे शोधण्यास ते निघाले होते. चित्रफितींच्या निरीक्षणातून हाती आले ते वेगळेच. खोडी झाल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फरक सांगता येईना. फरक होता तो खोडी होण्यापूर्वीच्या वागण्यात. फळ्यावर लिहीत असतानाही मागच्या बाकावर काय चालले आहे याचे भान, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना खंड न पडू देणे, एकाला प्रश्न विचारला तरी साऱ्या वर्गाला विचार करावयास लावणे, या गोष्टी ज्याला साधल्या त्याला दटावण्याची वेळ क्वचितच येई. आपल्याकडील जुन्या, नाणावलेल्या शिक्षकांना हे ग्रंथ न वाचताच ठाऊक होते. त्यांच्या वर्गात छडी टेबलावर नसेच; खडूचा तुकडा आणि तयारी एवढेच भांडवल असे.

कडक शाळांचा दाखला

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लंडनच्या वेम्ब्ली भागात २०१४ साली सुरू झालेली मायकेला ही सरकारी खर्चाने चालणारी शाळा तिच्या कडकपणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे मुले वऱ्हांड्यातून न बोलता चालतात, लहानसहान नियमभंगाचीही दखल घेतली जाते. आणि तेथील मुलांची प्रगती इंग्लंडमधील शाळांत अग्रक्रमाने मोजली गेली आहे. या दाखल्याने सैल शिस्तीच्या पुरस्कर्त्यांना विचारात पाडावे, हे योग्यच होय. परंतु त्यातून छडीच्या पुरस्कर्त्यांना काही मिळत नाही, कारण त्या शाळेत छडी नाही. तेथे आहे तो नियमांचा सारखेपणा आणि वेळेचा काटेकोरपणा. शिवाय अशी शाळा आपल्या मुलासाठी निवडणारे पालक मुळातच अभ्यासाविषयी जागरूक असणार, हेही हिशेबात धरावे लागते. यशाचे सारे श्रेय मुक्या वऱ्हांड्यांना देणे घाईचे ठरेल.

मोबाईल फोनच्या बाबतीतही असाच सावधपणा हवा. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून शाळांतील फोनच्या वापरावर बंदी घातली. इंग्लंडमधील चार शहरांच्या शाळांचा एक अभ्यास २०१५ साली पुढे आला. त्यात फोनबंदीनंतर गुण वाढल्याचे, आणि तेही मुख्यतः मागे पडलेल्या मुलांचे वाढल्याचे दिसले. नंतर स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तेव्हा हा परिणाम आढळला नाही. तात्पर्य, फोन दप्तराबाहेर ठेवणे इष्ट असले, तरी तो काढून घेतला की मूल आपोआप पुस्तकात डोके घालील, ही आशा भाबडी आहे. रिकाम्या तासाला फोन नसला, तर कागदाची विमाने असतात.

बेशिस्त कोणाची?

शिस्तीचा विचार करताना बोट नेहमी मुलाकडे वळते. वस्तुतः शाळेतील पहिली बेशिस्त रिकाम्या खुर्चीची असते. २००३ साली देशातील वीस राज्यांत सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी देण्यात आल्या. त्या वेळी सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, आणि एकूण शिक्षकांपैकी जवळजवळ निम्मेच प्रत्यक्ष शिकविताना आढळले. महाराष्ट्रातील गैरहजेरी सुमारे १५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वांत कमी होती. ही आपल्या शिक्षकवर्गाला भूषणावह गोष्ट आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. पुढे राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात एकशिक्षकी अनौपचारिक शाळांत एक प्रयोग झाला. शिक्षकाने रोज मुलांसह छायाचित्र काढावयाचे आणि हजर दिवसांनुसार मानधन घ्यावयाचे. गैरहजेरी जवळजवळ निम्म्यावर आली आणि मुलांचे गुण वाढले. मुलांवर कोणतेही नवे नियम लादले गेले नव्हते. केवळ शिक्षक वेळेवर येऊ लागले होते.

परंतु खुर्ची रिकामी राहते ती दर वेळी शिक्षकाच्या आळसाने नव्हे. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे आणि बैठका यांत शिक्षकाचा दिवस कसा तुटतो, हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो. वर्गावर शिक्षक नाही, शेजारच्या वर्गाचा शिक्षक मधल्या दारात उभा राहून दोन्ही तुकड्या सांभाळतो आहे, आणि वर्गनायक फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो आहे, हे दृश्य ज्या खात्याच्या परिपत्रकांतून निर्माण होते, त्याच खात्याने गुणवत्ता घसरल्याबद्दल शिक्षकाला जाब विचारावा, हा न्याय उफराटा आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गांत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असे कायदा म्हणतो. शहरांतील कित्येक माध्यमिक तुकड्यांत तीनतीन मुले एका बाकावर बसतात. तेथे शिस्त हा मानसशास्त्राचा प्रश्न नसून जागेचा प्रश्न असतो.

आणखी एक कारण अधिक खोल आहे. बेशिस्तीमुळे अभ्यास बुडतो, हे जितके खरे, तितकेच अभ्यास बुडाल्यामुळे बेशिस्त येते, हेही खरे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. याचा अर्थ, पाचवीच्या वर्गात शिक्षक भूगोलाचा धडा वाचून दाखवितो, तेव्हा अर्ध्या मुलांसाठी समोरचे पुस्तक बंदच असते. रोज पाच तास, न समजणाऱ्या भाषणासमोर निमूटपणे बसण्याची अपेक्षा कोणत्याही कचेरीतील प्रौढ माणसाकडूनही कोणी करणार नाही. असे मूल चुळबुळ करते, शेजाऱ्याला डिवचते, पाणी प्यायला जाण्याची परवानगी तीनदा मागते. त्याची ही चुळबुळ म्हणजे एक अर्ज असतो. तो वाचला न जाता फेटाळला जातो.

मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची चाचणी झाली. वाचन-गणितात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतीलच एक तरुण मुलगी दिवसातून दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीवरून शिकवी. या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. लक्षणीय बाब ही की, ती मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे राहिलेल्या मुलांना विशेष लाभ झाला नाही. म्हणजे त्रासदायक वाटणारी मुले वर्गाबाहेर काढण्याने इतरांचे भले होते, ही समजूत या चाचणीत टिकली नाही. भले झाले ते ज्यांना समजेल असे शिकविले गेले त्यांचे.

आपल्याच परंपरेतील धडे

महाराष्ट्राला हे सारे परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांच्या बालपणीची म्हणून सांगितली जाणारी शेंगांच्या टरफलांची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. ती आपण बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो. शिक्षकांनी ती दुसऱ्या अर्थानेही वाचावी. एकाच्या अपराधासाठी साऱ्या वर्गाला दिलेली शिक्षा निरपराध मुलाच्या मनातील न्यायबुद्धी दुखावते, आणि त्या क्षणी शिक्षकाचा अधिकार संपतो.

साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घडी करून ठेवणे, ही कामे ते स्वतः करीत. शिक्षकाने आपली खोली झाडलेली पाहून मुले शरमली आणि व्यवस्थित राहू लागली, यात भोळेपणा नव्हता; अनुकरण ही मुलांची मूळ वृत्ती आहे, हे त्यांनी ओळखले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम मांडले, तेव्हा मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येईनात. त्यांनी हजेरीसाठी दंड बसविला नाही. शाळाच कुरणात नेली. नियम माणसासाठी असतो, हे शिस्तीचे पहिले कलम तेथे पाळले गेले.

मात्र या उदाहरणांचा उपयोग केवळ शिक्षकदिनाच्या भाषणापुरता करणे हा शिक्षकांवर अन्याय होईल. प्रत्येक शिक्षक साने गुरुजी होऊ शकत नाही, आणि सामान्य शिक्षकालाही वर्ग नीट चालविता येईल अशी व्यवस्था करणे, हेच शासनाचे काम आहे. त्यासाठी मागण्या फार मोठ्या नाहीत. वर्षारंभीचे पहिले काही दिवस पाठ्यक्रमाच्या घाईत न घालविता वर्गाच्या सवयी लावण्यास द्यावेत. नियम चार-पाचच असावेत, पण ते सर्व शिक्षकांच्या तासाला सारखे असावेत. मराठीच्या तासाला चालते ते गणिताच्या तासाला गुन्हा ठरते, तेव्हा मुले नियम शिकत नाहीत, माणसे ओळखायला शिकतात. शिक्षण पदविका व पदवीच्या अभ्यासक्रमात वर्गव्यवस्थापन हा उत्तरपत्रिकेतील टिपेचा विषय न राहता प्रत्यक्ष सरावाचा विषय व्हावा. मुलाच्या वागण्याची तक्रार वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक आणि समुपदेशक अशा पायऱ्यांनी कशी जाईल, हे लिहून ठेवलेले असावे. म्हणजे संतापाच्या क्षणी शिक्षकाचा हात उठणार नाही, आणि खोट्या तक्रारीच्या वेळी त्याच्या पाठीशी कागद उभा राहील.

२०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली तसे नियम केले. नापास होण्याच्या धाकाने वर्गात पुन्हा शिस्त येईल, अशी आशा यामागे अनेकांना वाटते. छडीच्या जागी निकालपत्र आले, तर धाकाचे केवळ रूप बदलेल. परीक्षेने मूल कोठे अडले आहे हे कळावे आणि शाळेने तेथून त्याला हात द्यावा, तरच तिचा उपयोग.

छडीने आणलेली शांतता शिक्षकाची पाठ वळेपर्यंतच टिकत असे. शिक्षक कोणत्याही कारणाने दहा मिनिटे बाहेर गेला, तरी वर्गातील काम चालू राहते काय, हीच शिस्तीची खरी कसोटी. तेवढी सवय मुलांना लागावी यासाठी शिक्षक वर्गावर असला पाहिजे, तुकडी आटोक्यातली असली पाहिजे आणि फळ्यावरचे अक्षर शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचता आले पाहिजे. या तीन गोष्टींची जबाबदारी त्या मुलावर नाही. ती पार पाडल्यावाचून त्याच्याकडून शिस्तीची मागणी करण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.